फिल्म कॅमेरा आणि फ्लॅशगन : अंतराचा हिशेब चुकला की रोल वाया

छायाचित्रणाच्या धंद्यातील जुन्या मंडळींच्या कपाटात आजही एखादी फ्लॅशगन पडलेली सापडते. डिजिटल कॅमेरे आले, फिल्मचे कॅमेरे कापडात गुंडाळून माळ्यावर गेले आणि त्यांच्यासोबत या फ्लॅशगनही गेल्या. गेल्या काही वर्षांत मात्र फिल्मकडे थोडे लोक पुन्हा वळू लागले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या हार्मन कंपनीने फिनिक्स नावाची नवी रंगीत फिल्म बाजारात आणली आणि जून २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा काढला. लग्नाची ऑर्डर देताना ‘एक-दोन रोल फिल्मवरही काढा’ असे सांगणारे तरुण गिऱ्हाईक आता अगदीच दुर्मीळ राहिलेले नाही. अशी ऑर्डर घेणाऱ्या नव्या फोटोग्राफरला कॅमेरा चालवता येतो, फोकस जमतो, पण फ्लॅशपाशी त्याचा घोटाळा होतो. डिजिटलवर एक फोटो काढायचा, मागच्या पडद्यावर बघायचा आणि कमी-जास्त करायचे, ही त्याची सवय असते. फिल्मला मागे पडदा नाही. रोल धुऊन येईपर्यंत आठ-पंधरा दिवस जातात आणि तोवर निकाह होऊन, वलीमा होऊन पाहुणे आपापल्या गावी पोचलेले असतात.

फ्लॅशचा उजेड डोळ्याला तपासता येत नाही, कारण तो दिसता-दिसताच संपतो. म्हणून फिल्मवर फ्लॅश वापरणाऱ्याला सगळा हिशेब बटण दाबण्यापूर्वीच करावा लागतो. हा हिशेब अवघड नाही. पूर्वी आपल्या शहरातील स्टुडिओत हातकाम करणारी पोरे तो तोंडी करीत असत. तोच येथे उलगडून सांगत आहोत.

फ्लॅशगनमध्ये काय होते?

सेलमधून मिळणारी पाच-सहा व्होल्टची वीज फ्लॅशगनच्या आतील सर्किट तीनशे व्होल्टच्या आसपास चढवते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये (आपले मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात) साठवते. चालू केल्यावर जी बारीक शिट्टीसारखी ‘ऊंऽऽ’ ऐकू येते ती याच चढणीची. कॅमेऱ्याचे शटर उघडले की हा सगळा साठा झेनॉन वायूने भरलेल्या काचेच्या नळीतून एका क्षणात रिकामा होतो. पूर्ण ताकदीने सोडलेला फ्लॅश साधारण एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका टिकतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरोल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास अशा विजेच्या झटक्याने छायाचित्रे घेण्याचे तंत्र बसवले. त्याआधी मॅग्नेशियमची पूड उडवावी लागे किंवा दर फोटोला एक बल्ब जाळावा लागे.

रेडीचा दिवा लागला म्हणजे कपॅसिटर काठोकाठ भरला असे नव्हे. बहुतेक फ्लॅशमध्ये तो पाऊण हिस्सा भरल्यावरच लागतो. दिवा लागताक्षणी फोटो काढला तर उजेड थोडा कमी पडतो. डिजिटलवर ते पडद्यावर दिसते, फिल्मवर मात्र निगेटिव्ह हलके आल्यावर कळते. दिवा लागल्यावर मनात पाचपर्यंत मोजावे. सेल उतरत आले असतील तर दहापर्यंत.

शटरची मर्यादा

आता शटर. पस्तीस मिलिमीटरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्मच्या अगदी पुढे दोन पडदे असतात. पहिला पडदा सरकतो आणि फिल्म उघडी पडते, दुसरा त्याच्या मागोमाग येऊन ती झाकतो. गती कमी असेल तर मधला काही काळ संपूर्ण फ्रेम उघडी असते. गती जास्त असेल तर पहिला पडदा पार पोचण्यापूर्वीच दुसरा निघालेला असतो आणि फिल्मवरून केवळ एक फट सरकत जाते. फ्लॅशचा उजेड इतका क्षणिक असतो की तो त्या फटीतून जेवढ्या भागावर पडला तेवढाच भाग येतो, बाकीचा काळा.

ज्या कमाल गतीला पूर्ण फ्रेम उघडी असते तिला सिंक स्पीड म्हणतात. पेंटॅक्स के-१००० आणि कॅनन एई-१ यांची ती १/६० आहे. आपल्याकडे पुष्कळ चाललेल्या निकॉन एफएम-१० ची १/१२५. शटरच्या चाकीवर हा आकडा बहुधा वेगळ्या रंगात, किंवा इंग्रजी ‘एक्स’ अक्षराने, किंवा विजेच्या नागमोडी खुणेने दाखवलेला असतो. त्यापेक्षा जास्त गती चालत नाही, कमी चालते.

प्रस्तुत लेखकाने हा धडा फार महागात घेतला आहे. एका नातेवाइकाच्या लग्नात वरात दारात आली तेव्हा ऊन होते, म्हणून गती १/२५० वर ठेवली होती. वरात आत गेली, बैठक बसली, आम्ही फ्लॅश चढवला आणि चाकी मागे फिरवायची विसरलो. कॅमेरा १/६० चा. रोल धुऊन आला तेव्हा निकाहनाम्यावर सही करतानाच्या फोटोत एका कडेला अरुंद उभी पट्टी होती, तीत नवरदेवाचा हात आणि पेन. बाकी पाऊण फ्रेम काळी. काझीसाहेब नाहीत, वकील नाहीत, साक्षीदार नाहीत. त्या घरातील थोरल्या आपांनी तो अल्बम उघडला की आजही आमच्याकडे एकदा बघतात. तेव्हापासून फ्लॅश चढवताना आधी शटरच्या चाकीला हात लावायचा, मग हॉट शूला, अशी आम्ही सवयच लावून घेतली.

जुन्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांत (रोलीकॉर्ड किंवा यशिका जातीचे) शटर भिंगातच असते आणि ते कोणत्याही गतीला फ्लॅश घेते. त्यांतल्या काहींवर ‘एम’ आणि ‘एक्स’ असा खटका असतो. ‘एम’ हा जळणाऱ्या बल्बसाठी. त्याला पेटायला वेळ लागतो म्हणून शटर किंचित उशिरा उघडते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश ‘एम’ वर लावला तर शटर उघडेपर्यंत उजेड विझलेला असतो आणि सगळा रोल कोरा येतो. खटका ‘एक्स’ वर आणून त्यावर चिकटपट्टी लावून टाकावी.

अंतर : सगळा खेळ इथेच

फ्लॅशच्या हिशेबात शटरच्या गतीला जवळजवळ काम नाही. फ्लॅशचा उजेड फिल्मवर किती पडणार हे दोनच गोष्टी ठरवतात : फ्लॅशपासून माणसाचे अंतर आणि भिंगाचे अ‍ॅपर्चर. फ्लॅशच्या पुस्तिकेत किंवा डब्यावर एक गाइड नंबर दिलेला असतो. त्याला अंतराने भागले की अ‍ॅपर्चर मिळते. समजा, आपल्या फ्लॅशचा गाइड नंबर १०० आयएसओच्या फिल्मला २८ मीटर आहे. नवरदेव साडेतीन मीटरवर आहे. २८ भागिले साडेतीन म्हणजे ८. अ‍ॅपर्चर एफ-८ ठेवावे. तो सात मीटरवर असेल तर एफ-४. फिल्म २०० ची असेल तर गाइड नंबर ४० धरावा, ४०० ची असेल तर दुप्पट म्हणजे ५६.

येथे एक खड्डा आहे. आपल्याकडे अंतर फुटांत बोलण्याची पद्धत आहे आणि गाइड नंबर बहुधा मीटरमध्ये छापलेला असतो. एखाद्याने ‘दहा फूट’ म्हणून २८ ला १० ने भागले की २.८ येते. त्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढला तर गरजेच्या दसपट उजेड फिल्मवर पडतो. दहा फूट म्हणजे तीन मीटर. एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट, हे डोक्यात पक्के असावे. भिंगाच्या कड्यावर दोन्ही मापे कोरलेली असतात. फोकस करावा, कड्यावरचा मीटरचा आकडा वाचावा आणि भागाकार करावा. याहून सोपे काही नाही.

अंतराचा दुसरा गुण जास्त त्रास देतो. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, पाव होतो. तिप्पट झाले की नववा हिस्सा. दस्तरख्वानावर पाहुणे दोन रांगांत समोरासमोर जेवायला बसले आहेत आणि फोटोग्राफर दस्तरख्वानाच्या टोकाला उभा राहून लांबवर फोटो काढतो. हा फोटो प्रत्येक लग्नात निघतो आणि फ्लॅशवर हमखास बिघडतो. पहिला पाहुणा दीड मीटरवर, शेवटचा सहा मीटरवर. अंतर चौपट, म्हणजे शेवटच्याला पहिल्याच्या सोळावा हिस्सा उजेड. अ‍ॅपर्चर कोणतेही ठेवा, पुढच्या मामूंचा चेहरा खडूसारखा पांढरा येणार किंवा मागचे मेहमान अंधारात बुडणार. उपाय उभे राहण्याच्या जागेत आहे. टोकाला न थांबता मधोमध, रांगेच्या पाठीमागून आडवे उभे राहावे. समोरच्या रांगेतले चेहरे मग जवळजवळ सारख्या अंतरावर येतात. सगळी रांग एका फोटोत बसत नाही, दोन फोटो काढावे लागतात, पण दोन्ही अल्बममध्ये लावण्याजोगे असतात.

खानदानाच्या एकत्रित फोटोचेही असेच. मुले पुढे जमिनीवर, बुजुर्ग खुर्च्यांवर, तरुण मागे उभे, अशा पुढच्या आणि मागच्या रांगेत समजा दोन मीटरचे अंतर पडते. फोटोग्राफर पुढच्या रांगेपासून अडीच मीटरवर असेल तर मागची साडेचारवर, म्हणजे पुढच्यांना सव्वातीनपट उजेड. तोच पाच मीटर मागे गेला तर मागची रांग सातवर आणि फरक दुपटीवर उतरतो. रंगीत निगेटिव्ह फिल्म दुपटीचा फरक सहज पोटात घालते. मागे सरकायला जागा मिळाली की अर्धा प्रश्न सुटतो. मात्र अ‍ॅपर्चर मधल्या रांगेच्या अंतरावरून काढावे. शंका असेल तर अर्धा स्टॉप जास्त उजेड द्यावा, कमी देऊ नये. निगेटिव्ह फिल्मला जादा उजेड चालतो, कमी उजेडात तिच्या सावल्या मातकट होतात.

इजाब-कबूलच्या वेळेचे एक सांगायला हवे. तो क्षण परत येत नाही, बैठकीत शांतता असते आणि तेव्हा फ्लॅशचा भडिमार कोणालाच रुचत नाही. आधीच जागा हेरावी, तेथून काझीसाहेब आणि नवरदेव यांचे अंतर फोकस करून पाहून घ्यावे, अ‍ॅपर्चर लावून ठेवावे. मग दोन-तीन फ्लॅशमध्ये काम होते. जनान्यात फोटो काढायचे की नाहीत आणि कोणी काढायचे, हेही ऑर्डर घेतानाच घरच्या मोठ्यांना विचारून ठरवून घेतलेले बरे.

‘ऑटो’ वर किती विसंबावे?

सत्तरच्या दशकापासून आलेल्या पुष्कळ फ्लॅशवर पुढे एक बारीक डोळा असतो. फ्लॅशवर ‘ऑटो’ निवडायचे, त्याने सांगितलेले अ‍ॅपर्चर भिंगावर लावायचे आणि हा डोळा समोरून परत येणारा उजेड मोजून पुरेसा झाला की फ्लॅश मध्येच तोडतो. सोय मोठी आहे. अंतर सतत बदलत असेल, वरात चालत असेल, तेव्हा ऑटोच वापरावे.

पण हा डोळा समोर काय आहे ते ओळखत नाही. त्याला सगळे जग मध्यम करड्या रंगाचे वाटते. काळी शेरवानी घातलेला नवरदेव गडद पडद्यासमोर उभा असेल तर परत येणारा उजेड कमी, म्हणून डोळा फ्लॅश जास्त वेळ चालू ठेवतो आणि चेहरा उडतो. उलट, पांढऱ्या कुर्त्यातली मंडळी चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला टेकून बसली असतील तर डोळा घाईने उजेड तोडतो आणि गोरे चेहरेही सावळे निघतात. काळ्यासमोर अ‍ॅपर्चर एक स्टॉप बंद करावे, पांढऱ्यासमोर एक स्टॉप उघडावे. एवढे लक्षात ठेवले तर ऑटो भरवशाचा नोकर आहे. अंतर ठरलेले असेल तेव्हा मात्र आम्ही मॅन्युअलच पसंत करतो, कारण भागाकार कपड्याचा रंग बघत नाही.

छताला टेकवून मारलेला फ्लॅश

समोरून थेट मारलेला फ्लॅश चेहरा सपाट करतो, भिंतीवर काळी सावली पाडतो आणि भिंगाच्या फार जवळ असला तर डोळे लाल आणतो. ज्या फ्लॅशचे डोके वळते तो छताकडे वळवला की उजेड वरून पसरून, मऊ होऊन येतो. अंतर मोजताना फ्लॅशपासून छतापर्यंत आणि छतापासून चेहऱ्यापर्यंत अशी दोन्ही धरावी लागतात, शिवाय छतही काही उजेड गिळते. नेहमीच्या घराच्या पांढऱ्या स्लॅबला थेट फ्लॅशपेक्षा साधारण दोन स्टॉप जास्त उघडावे लागते. म्हणून येथे ४०० ची फिल्म बरी.

अट एकच, छत पांढरे आणि बेताच्या उंचीचे हवे. शहराच्या जुन्या भागातील वाड्यांची छते उंच आणि लाकडी असतात. तिथे उजेड वर जाऊन हरवतो. शामियाना त्याहून वाईट. लाल-पिवळ्या कनातीवरून परतलेला उजेड लाल-पिवळाच होऊन येतो आणि सगळ्या वऱ्हाडाला कावीळ झाल्यासारखी दिसते. शामियान्यात फ्लॅश थेट मारावा, पण कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला, वर धरून. त्यासाठी सिंक कॉर्ड लागते. सावली मग खाली आणि मागे पडते, लाल डोळे येत नाहीत.

रोषणाईचे रंग फोटोत हवे असतील तर शटर १/३० किंवा १/१५ पर्यंत खाली आणावे. चेहरा फ्लॅशने गोठतो आणि मागच्या माळांचा उजेड त्या जादा वेळात फिल्मवर जमा होतो. हात स्थिर नसेल तर माळा हललेल्या दिसतील, हे पत्करावे लागते.

हिमरू आणि बिदरी

आता कारागीर बांधवांसाठी. मालाचे फोटो फिल्मवरच काढा असे आमचे म्हणणे नाही. व्यापाऱ्याला पाठवायला मोबाईल पुरतो. पण मालावर फ्लॅशचा उजेड कुठून टाकावा हे ज्याला कळले त्याचा फोटो कोणत्याही कॅमेऱ्यावर उठतो, आणि फिल्मवर काढलेला तर छपाईला देण्याइतका चांगला होतो.

जाफर गेटच्या बाजूला विणले जाणारे हिमरू घ्या. त्याची सारी किंमत विणीत आहे. सुती ताण्यावर रेशमी बाण्याने उठवलेली फुले-पाने किंचित वर आलेली असतात. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरून पडला की ती उठावदारी नाहीशी होते आणि शाल छापील कापडासारखी दिसते. फ्लॅश सिंक कॉर्डने काढून कापडाच्या एका बाजूला, खालच्या कोनात, उजेड कापडावरून घासत जाईल असा ठेवावा. प्रत्येक बुट्टीला बारीक सावली येते आणि वीण बोलू लागते. समोरच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता उभा करावा म्हणजे सावल्या अगदी काळ्या होत नाहीत.

अशा वेळी हिशेबातले अंतर फ्लॅशपासून कापडापर्यंतचे धरायचे, कॅमेऱ्यापासूनचे नव्हे. ही चूक शिकलेली माणसेही करतात. आणखी एक, फ्लॅश कापडाला अगदी खेटून ठेवला तर जवळची कड पांढरी आणि लांबची काळी येते. वर दस्तरख्वानाचे जे सांगितले तेच येथेही. फ्लॅश दीड-दोन मीटर लांब न्यावा. पावणेदोन मीटरवर २८ गाइड नंबरला एफ-१६ येते, म्हणजे उजेड कमी पडण्याची भीती नाही.

बिदरीचे काम याहून नाजूक. जस्त आणि थोडे तांबे यांच्या धातूवर काळा रंग चढवलेला, त्यात चांदीची तार बसवलेली. चांदी आरशासारखी वागते. तिच्यावर नुसता फ्लॅश मारला तर एका जागी डोळे दिपवणारा ठिपका येतो आणि बाकीची नक्षी काळ्यात मिसळून जाते. चांदीला उजेड दाखवण्यापेक्षा उजळलेले पांढरे कापड दाखवावे. सुरईच्या एका बाजूला, हातभर अंतरावर, पांढरी मलमल किंवा बटर पेपर ताणून बांधावा आणि फ्लॅश त्याच्या पलीकडून सोडावा. कापडच मग दिवा होते, चांदीच्या रेषेत त्याचे प्रतिबिंब उतरते आणि काळी जमीन काळीच राहते. ऑटो येथे अजिबात वापरू नये. काळा माल बघून डोळा उजेड वाढवतो आणि बिदरी राखाडी दिसते. काळेपणा गेला तर गिऱ्हाईक तिला बिदरी म्हणणार नाही. कापडातून येताना किती उजेड कमी झाला ते गाइड नंबर सांगू शकत नाही. एकाच वस्तूचे तीन-चार अ‍ॅपर्चरवर फोटो काढावे.

जिथे फ्लॅश चालत नाही

आपल्या जिल्ह्यात फिरायला येणाऱ्या गिऱ्हाईकासोबत कोणी फोटोग्राफर अजिंठ्याला गेला तर फ्लॅश पिशवीतच ठेवावा. चित्रांच्या जपणुकीसाठी तिथे फ्लॅशला मनाई आहे. त्यावाचून काम होत नाही असेही नाही. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे छायाचित्रांवर आधारलेले मोठे ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले. बिनॉय बहल यांनी १९९१ मध्ये तिथली चित्रे फ्लॅश न वापरता, अत्यंत मंद उजेडात, फिल्मवर टिपली आणि त्यांतले रंग पाहून जाणकार थक्क झाले. जानेवारी २००८ मध्ये ती ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात आली. अशा कामाला लागतो तो स्टँड, लांबलेले एक्स्पोजर आणि सबुरी. स्टँड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते. एक्स्पोजर सेकंदाच्या पुढे गेले की फिल्म मंदावते आणि मोजमापाने सांगितल्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, हेही विसरू नये.

वेरूळच्या कैलास लेण्यासमोर रात्री फ्लॅश मारणारे महाभाग आपण पाहिले असतील. २८ गाइड नंबरचा फ्लॅश १०० च्या फिल्मवर आणि २.८ अ‍ॅपर्चरवर दहा मीटर पोचतो. त्यापुढे तो सेल संपवण्याशिवाय काही करीत नाही.

जुनी फ्लॅशगन घेताना

जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात किंवा एखाद्या बंद झालेल्या स्टुडिओच्या सामानात फ्लॅशगन कमी पैशांत मिळून जाते. घेण्यापूर्वी सेलचा कप्पा उघडून बघावा. सेल गळून हिरवी-पांढरी बुरशी आली असेल तर लिंबाच्या रसात बुडवलेल्या काडीने पुसून, कोरडे करून पत्रे वाचतात. पत्राच खाल्ला गेला असेल तर सोडून द्यावी. नवे सेल स्वतःचे घेऊन जावे आणि दुकानदारासमोर चालू करून पाहावे.

वर्षानुवर्षे पडून राहिलेला कपॅसिटर सुस्तावलेला असतो. पहिल्यांदा चार्ज व्हायला एक-दोन मिनिटे लागली तर घाबरू नये. रेडीचा दिवा लागल्यावर तसाच दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा, मग पूर्ण ताकदीवर सोडावा. असे पाच-सात वेळा केल्यावर तो पुष्कळदा पूर्वपदावर येतो. पुढे महिन्यातून एकदा तरी चार्ज करून सोडावा, ठेवताना चार्ज करून मगच बंद करावा आणि सेल बाहेर काढून ठेवावे.

फ्लॅशगन खोलण्याच्या फंदात मात्र पडू नये. बंद करून सेल काढले तरी आतील साठा बराच काळ तसाच राहतो आणि तीनशे व्होल्टचा तो झटका जीवघेणा ठरू शकतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे काम येणाऱ्यांनीही पेचकस टेकवून तो रिकामा करू नये. ठिणगीने पेचकस आणि कपॅसिटर दोन्ही जातात. मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू रिकामा करून, मीटरने तपासून मगच हात घालावा.

जुनी फ्लॅशगन डिजिटल कॅमेऱ्यावर चढवायचा मोह होतो. त्याआधी तिच्या पायाखालच्या मधल्या बिंदूवर किती व्होल्टेज येते ते पाहणे आवश्यक आहे. जुन्या यांत्रिक फिल्म कॅमेऱ्याच्या आत साधा धातूचा संपर्क असतो, त्याला दोनशे व्होल्टही चालून जातात. डिजिटल कॅमेऱ्यात तिथे नाजूक सर्किट असते. काही मॉडेलना केवळ ६ व्होल्ट सोसतात, काहींना २५०. पुस्तिका बघावी. लोकप्रिय व्हिव्हिटार २८३ चेच उदाहरण घ्या. जपानमध्ये बनलेल्या सुरुवातीच्या नगांमध्ये दोनशेच्या वर व्होल्टेज येते, नंतरच्या पुष्कळ नगांमध्ये दहाच्या आत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फ्लॅश पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावावा, एक टोक मधल्या बिंदूला आणि दुसरे कडेच्या पट्टीला. कोणताही इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीवाला हे दोन मिनिटांत करून देईल. फिल्मचा कॅमेराही पूर्ण इलेक्ट्रॉनिक असेल तर हीच काळजी घ्यावी.

शेवटी एक रोल खर्ची घालावा. डब्यावरचा गाइड नंबर पांढऱ्या भिंतींच्या खोलीत मोजलेला असतो आणि कंपनीला तो वाढवून सांगायची हौसही असते. उघड्या मैदानात तो बराच उतरतो. १०० ची फिल्म भरावी, घरातल्या कोणाला तरी तीन मीटरवर बसवावे, हातात कागदावर अ‍ॅपर्चरचा आकडा लिहून द्यावा आणि फ्लॅश मॅन्युअलवर ठेवून ४, ५.६, ८, ११ असे फोटो काढावेत. पुन्हा तेच रात्री अंगणात किंवा गच्चीवर काढावेत. लॅबला प्रिंटमध्ये दुरुस्ती करू नका असे सांगावे, नाहीतर मशीन सगळे फोटो सारखे करून देते आणि चाचणी फुकट जाते. निगेटिव्हमध्येच पाहावे, सावलीतही तपशील दिसतो अशी सर्वांत लहान उघडी कोणती ते. खोलीत ८ चा फोटो चांगला आला तर आठ त्रिक चोवीस, आपल्या फ्लॅशचा खरा गाइड नंबर २४, डब्यावर काहीही लिहिलेले असो. गच्चीवर ५.६ चा चांगला आला तर बाहेरचा सुमारे १७. हे दोन आकडे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून फ्लॅशच्या पाठीला चिकटवावेत.